सोलरचा हिशोब आषाढापासून: डोंगरातल्या वाडीला स्वतःची वीज कशी उभारायची

सोलर बसवायचं ठरलं की ठेकेदाराची पाहणी बहुधा एप्रिल-मेमध्ये होते. पायवाट कोरडी असते, यात्रेसाठी मुंबईकर गावी आलेले असतात, बैठकीला माणसं जमतात आणि डोक्यावर लख्ख ऊन असतं. त्या उन्हाकडे बघून केलेला हिशोब कागदावर चोख दिसतो, पण जूनअखेरीला कोलमडतो. पाटण, जावळी, महाबळेश्वर किंवा शिराळ्याच्या डोंगरात बंद पडलेलं सोलर उघडून पाहा. पॅनेल बहुतेक वेळा चांगली निघतात. मेलेली असते ती बॅटरी. पावसाळाभर तिला पुरतं चार्जिंग मिळालेलं नसतं, आणि नवी घ्यायची तर वाडीच्या खात्यात पैसे नसतात.

म्हणून सगळा भर दोन गोष्टींवर हवा: आषाढातलं ऊन किती धरायचं आणि दरमहा वर्गणी किती काढायची. उरलेलं काम चांगला इलेक्ट्रिशियन करू शकतो.

आधी महावितरणकडे अर्ज

वाडीपासून लाईन जवळ असेल, मध्ये जंगल किंवा जलाशय नसेल, तर खांब आणण्यासाठीच पाठपुरावा करा. ग्रिडची, म्हणजे महावितरणच्या लाईनची, वीज गिरणी, पंप, वेल्डिंग सगळं पेलते आणि बॅटरी बदलायचा घोर राहत नाही. महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात वाडीच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि लेखी उत्तर मागा. हे उत्तर पुढे निधी मागताना कामाला येतं. "इथे लाईन नेणं व्यवहार्य नाही" असा कागद हातात असेल, तर सोलरच्या प्रस्तावाला कोणी आडवं जात नाही.

शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठच्या वाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. १९६० मेगावॅटचा कोयना प्रकल्प याच पाण्यावर चालतो. धरणात जुनी गावं गेली, उरलेली वस्ती वर डोंगराला सरकली, मध्ये पाणी आणि भोवती राखीव जंगल. तिथे खांब नेले तरी पावसात झाड पडून लाईन तुटते, आणि वायरमन लाँचने येऊन जोडेपर्यंत बरेच दिवस जातात. अशा ठिकाणी वाडीची स्वतःची वीज हाच शहाणपणाचा मार्ग.

आणखी एक गोष्ट आधी तपासा. २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाचा भाग त्यात येतो. तुमची वाडी पुनर्वसनाच्या यादीत असेल, तर काँक्रीटचे पाये घालून मिनीग्रिड, म्हणजे एका सामाईक संचावर चालणारं वाडीचं जाळं, उभारू नका. घरोघरी वेगळे संच घ्या, म्हणजे स्थलांतर झालं तर प्रत्येकजण आपलं पॅनेल-बॅटरी सोबत नेईल. पण पुनर्वसन दूर आहे, कधी होईल ते नक्की नाही, म्हणून तोवर लोकांनी अंधारातच राहावं, हा युक्तिवाद कुणाकडूनही ऐकून घेऊ नका.

एक मोठा संच की घरोघरी?

घरं जवळजवळ असतील, म्हणजे टोकाचं घर मधल्या चौकापासून अडीच-तीनशे मीटरच्या आत, तर एक सामाईक संच आणि २३० व्होल्टचं छोटं जाळं बरं पडतं. घरं विखुरलेली असतील, जशी धनगरवाड्यात किंवा जतकडच्या मळ्यांतल्या वस्त्यांत असतात, तर घरटी संच.

घरटी संच साधारण किती मोठा असावा, याचा अंदाज घ्यायला २०१७ च्या सौभाग्य योजनेतला दुर्गम घरांचा संच बघा. २०० ते ३०० वॅटचं पॅनेल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक डीसी प्लग आणि पाच वर्षांची देखभाल असं त्याचं स्वरूप होतं. यापेक्षा कमी देणारा कोणी आला तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा.

१२ व्होल्टचा संच शेजारच्या घरापर्यंत ओढायचा मोह टाळा. त्याचा हिशोब इथेच करून टाकू. ६० वॅटचा भार १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरला दर किलोमीटरला साधारण साडेसात ओहम अवरोध असतो. घर ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन वायर ६० मीटर, म्हणजे अवरोध ०.४५ ओहम. ५ अँपिअर गुणिले ०.४५, सव्वादोन व्होल्ट वाटेतच गेले. बारातून सव्वादोन गेले की दिवा मिणमिणतो आणि पंखा रांगतो. हाच भार २३० व्होल्टवर फक्त पाव अँपिअर घेतो, आणि त्याच वायरीत एक व्होल्टसुद्धा जात नाही. म्हणून १२ व्होल्ट घराच्या भिंतीआतच ठेवायचे. भिंतीबाहेर न्यायची ती वीज २३० व्होल्टची.

घरात काय लागतं, ते घरात बसून विचारा

ग्रामसभेत हात वर करून घेतलेली मागणी खरी नसते. घरोघर जा. शक्यतो बाईमाणसाशी बोला, कारण पहाटे चूल आणि रात्री गोठा तीच बघते. कुठे दिवा हवा, हे तिला विचारल्यावर पहिलं उत्तर बैठकीच्या खोलीचं येत नाही. गोठ्याचं, परड्याचं किंवा संडासाच्या वाटेचं येतं. पावसाळ्यात फुरशा-घोणस तिथेच असतात.

समजा वाडी २५ उंबऱ्यांची आहे. एका घरात ७ वॅटचे चार दिवे, त्यातले दोन पाच तास आणि उरलेले दोन प्रत्येकी २ तास, म्हणजे साधारण १०० वॅट-तास. दोन मोबाईलचे ३०. टीव्ही ३५ वॅटचा, तीन तास, म्हणजे १०५. बेरीज २३५, आपण २५० धरू. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचाच घ्या. तो ३० वॅटवर चालतो आणि सहा तासांत १८० वॅट-तास खातो. पण आपल्याकडे आषाढ-श्रावणात घोंगडं घेऊन झोपतात, तेव्हा पंखा बंदच असतो. नेमकी याच दिवसांत वीज कमी असल्याने ही मोठीच सोय आहे.

हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट, तेव्हा २५ घरांचे सव्वासहा युनिट. १२ वॅटचे आठ रस्त्याचे दिवे, रात्री अकरा तास, एक युनिट. अंगणवाडी, शाळा, देऊळ मिळून अर्धा-पाऊण युनिट. एकूण रोज आठ युनिट धरून चालू.

यात पाणी तापवायचा रॉड नाही, आणि तो कधीच नसेल हे पहिल्या बैठकीत सांगून टाका. दीड हजार वॅटचा रॉड अर्धा तास लावला तर पाऊण युनिट जातं. ती तीन घरांची दिवसाची वीज झाली. यावर तोंडी समज पुरत नाही. प्रत्येक घराला २ अँपिअरची एमसीबी बसवा. ४६० वॅटच्या वर बराच भार गेला की ती पडते, कोणाला कोणाशी भांडावं लागत नाही.

आषाढातलं ऊन किती धरायचं

सातारा-सांगलीत वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला पाच तासांच्या आसपास पूर्ण ऊन, म्हणजे पॅनेल पूर्ण ताकदीने चालेल इतकं ऊन, मिळतं. ठेकेदार हीच सरासरी वापरतो. महाबळेश्वर, नवजा, बामणोली, चांदोली या पट्ट्यात जुलै-ऑगस्टला सूर्य दिवसेंदिवस दिसत नाही. तिथे माझ्या मते अडीच तासांच्या वर धरू नये.

आता गणित. पॅनेलने केलेली सगळी वीज दिव्यापर्यंत पोचत नाही. बॅटरीत भरताना-काढताना, इन्व्हर्टरमध्ये, वायरीत, काचेवरच्या शेवाळात मिळून साधारण ३५ टक्के जाते. आठ युनिट हवेत तर ८ भागिले ०.६५, म्हणजे सव्वाबारा युनिट पॅनेलनी करायला हवेत. सरासरी पाच तास धरले तर अडीच किलोवॅट पुरतात. अडीच तास धरले तर पाच किलोवॅट लागतात. बरोबर दुप्पट. स्वस्त कोटेशन आणि खरं कोटेशन यांतला फरक बहुतेक वेळा इथे असतो. म्हणून समोर बसलेल्याला एकच प्रश्न विचारा: "तुम्ही जुलैचं ऊन किती तास धरलंय?" उत्तर देता आलं नाही तर कोटेशन परत करा.

उन्हाळ्यात हेच पाच किलोवॅट रोज एकोणीस-वीस युनिट देतील. सगळ्या घरांचे पंखे चालवून वर वीज उरेल. त्या उरलेल्या विजेवर दुपारी एक एचपीची पिठाची गिरणी चालवता येते. नाचणी-तांदूळ दळायला डोक्यावर पायली घेऊन डोंगर उतरायचं थांबतं आणि दळणाचे पैसे वाडीच्या खात्यात जमतात. गिरणी सकाळी अकरा ते तीनच चालेल आणि पावसाळ्यात उघडीप असेल तरच, असा नियम ठेवा. मोटर सुरू होताना चालू भाराच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून इन्व्हर्टर पाच केव्हीएचा घ्या.

बॅटरी दोन दिवसांची. आठ दुणे सोळा युनिट. लिथियम फेरो फॉस्फेटची बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणजे २० युनिटची लागेल: ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांचे चार पॅक. ट्यूब्युलर लेड-ॲसिड, म्हणजे शिशाची, घेतली तर तिला निम्म्याच्या खाली उतरवायचं नाही. म्हणून ३२ युनिट लागतात, म्हणजे १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या अठरा बॅटऱ्या. एकेक पन्नास किलोच्या वर, एकूण जवळपास टनभर वजन लाँचमधून आणि पुढे खांद्यावर. लिथियमचे चारही पॅक मिळून दोनशे किलोच्या आत बसतात. वर लेड-ॲसिडला डिस्टिल्ड वॉटर घालायचं कोणी विसरलं की एका उन्हाळ्यात प्लेटा उघड्या पडतात. डोंगरासाठी मी आता लिथियमच सुचवतो, सुरुवातीचा खर्च जास्त असला तरी.

गणपतीचं वेगळं बोलायला हवं. भाद्रपदात सगळी बंद घरं उघडतात, घरोघर माळा लागतात, टीव्ही रात्रभर चालतो आणि आभाळ अजून पुरतं मोकळं झालेलं नसतं. वर्षातली सगळ्यात जास्त मागणी आणि कमी ऊन हे आपल्याकडे एकाच आठवड्यात येतं. त्यासाठी पॅनेल दुप्पट करणं परवडत नाही. माळा एलईडीच्या ठेवा, साऊंडसाठी भाड्याने जनरेटर आणा. आणि चावडीवर पाटी लावा: बॅटरी ६० टक्क्यांच्या वर असेल तर सगळं चालू, ६० ते ४० असेल तर टीव्ही रात्री नऊला बंद, ४० च्या खाली फक्त दिवे आणि मोबाईल. आकडा रोज संध्याकाळी सहाला खडूने लिहायचा. तो डोळ्यांसमोर असला की लोक आपसूक सांभाळून वापरतात.

पूर्वेकडे, म्हणजे जत, आटपाडी, माण, खटावला, हे गणित उलटं होतं. पावसाळ्यातही ऊन बरं मिळतं, त्यामुळे पॅनेल कमी पुरतात. तिथे शत्रू धूळ आणि उष्णता. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी एप्रिल-मेच्या तापात लवकर म्हातारी होते. तिला दगडी भिंतीची, उत्तरेला खिडकी असलेली खोली द्या आणि पॅनेल आठवड्याला पुसा. बाकी सूचना तशाच.

ओढा असेल तर नशीब

ज्या पावसाने सोलर मंदावतं, तोच पाऊस ओढा भरतो. पश्चिम पट्ट्यात जून ते दिवाळी, काही ठिकाणी पौषापर्यंत वाहणारे झरे आहेत, आणि त्यावर छोटं जनित्र बसवायचा विचार फार कमी ठिकाणी होतो याचं मला वाईट वाटतं.

मोजणी सोपी आहे. जिथे पाणी अडवून पाइपमध्ये घेता येईल, तिथे २० लिटरची बादली धरा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. चार सेकंदांत भरली तर प्रवाह पाच लिटर प्रतिसेकंद. मग उंची. गवंड्याची लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, घेऊन दोघांनी वरून खाली उतरत यायचं. वरच्याने नळीचं टोक जमिनीशी धरायचं, खालच्याने आपल्याकडची पाण्याची पातळी टेपने जमिनीपासून मोजायची, आकडा लिहायचा, मग वरच्याने खालच्याच्या जागी यायचं. सगळ्या आकड्यांची बेरीज ही उंची. मोबाईलमधल्या उंचीवर विसंबू नका, तिच्यात चूक फार येते.

प्रवाह गुणिले उंची गुणिले पाच म्हणजे वॅट. पाच लिटर, वीस मीटर: ५०० वॅट. आकडा लहान वाटतो, पण ओढा रात्री झोपत नाही. चोवीस तासांचे बारा युनिट होतात. पाच किलोवॅट पॅनेल आषाढात आठ देतात, तेव्हा पाचशे वॅटचा ओढा बारा देतो. असा ओढा असेल तर पॅनेल अडीच-तीन किलोवॅटवर आणता येतात.

मात्र कष्ट आहेत. पाण्याच्या तोंडावरची जाळी पावसात रोज साफ करावी लागते, पानं आणि गाळ अडकतो. पाइप ११० एमएमचा एचडीपीई असावा आणि खडकाला बांधलेला असावा. बॅटरी भरल्यावर उरलेली वीज जिरवायला वेगळा भार लागतो, नाहीतर जनित्र सुसाट फिरून बिघडतं. पाणी पुन्हा ओढ्यातच सोडायचं, खालच्या वाडीच्या पिण्याच्या पाण्याला धक्का लागता कामा नये. हे त्या वाडीशी आधी बोलून, लिहून घ्या.

जागा आणि कागद

पॅनेलची जागा सकाळी नऊ ते तीन सावलीविना हवी. जानेवारीत सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हाची सावलीही बघा. पुस्तकात कल १७-१८ अंश दक्षिणेला असा सांगतात, कारण आपले अक्षांश तेवढे आहेत. डोंगरात मी १०-१२ अंश ठेवायला सांगतो. जून-जुलैत दुपारचा सूर्य डोक्यावर, किंचित उत्तरेलाच असतो, आणि ढगाळ उजेड तर सगळ्या आभाळातून येतो. सपाट पॅनेल तो जास्त झेलतं. दहाच्या खाली मात्र जाऊ नका, पाणी साचून खालच्या कडेला शेवाळ धरतं.

बॅटरीची खोली खोदलेल्या दरडीच्या पायथ्याशी नको, जुन्या ओहळाच्या वाटेवर नको. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळेवर दरडी कोसळल्या, ते विसरण्यासारखं नाही. उतारावर नवी भेग किंवा वाकलेली झाडं दिसत असतील तर जागा बदला.

जागा मालकीची असेल तर बक्षीसपत्र किंवा नोंदणीकृत भाडेकरार करा. तोंडी "घ्या की देवाच्या नावाने" म्हणणाऱ्याचा मुलगा पुढे काय म्हणेल सांगता येत नाही. जागा वनखात्याची असेल तर वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) वाचा. शाळा, अंगणवाडी, पाणीयोजना, वीजवाहिन्या, अपारंपरिक ऊर्जा अशा शासनाने करावयाच्या सोयींसाठी, ग्रामसभेच्या शिफारशीने, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. तोडायची झाडं हेक्टरी ७५ पेक्षा जास्त नकोत. अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वन्यजीव विभागाची परवानगी वेगळी लागते. वीज कायदा २००३ नुसार राज्याने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात स्वतः वीज करून स्वतः वाटायला परवाना लागत नाही. सुरक्षेचे नियम मात्र लागू राहतात, म्हणून विद्युत निरीक्षक कार्यालयाशी आधीच पत्रव्यवहार करा.

सामान वर नेणं आणि जोडणी

५४० वॅटचं पॅनेल सव्वादोन मीटर लांब आणि अठ्ठावीस किलोच्या आसपास असतं. पायवाटेवर वारा लागला की दोघांना आवरत नाही, काच तडकते. तीनशे-साडेतीनशे वॅटची वीस-बावीस किलोची पॅनेल घ्या. संख्या वाढेल, पण वर धड पोचतील. सगळं सामान मेअखेर वर आणि जोडणी पूर्ण. वळवाच्या पावसात उंचावर उभं राहून लोखंड जोडणं जिवावर बेततं.

लोखंडी सांगाडा गरम जस्तात बुडवून काढलेला हवा, नुसता चंदेरी रंग दिलेला नको. धुक्यात रंग दोन वर्षं टिकत नाही. पठारावर वारा किती असतो ते वनकुसवड्याच्या पवनचक्क्या सांगतात. ताशी १५० किलोमीटर वाऱ्याला टिकेल असा सांगाडा मागा, सरकारी निविदांतही हाच आकडा असतो.

जोड बघा, स्वतः बघा. पॅनेलच्या वायरी एकमेकींना जोडणाऱ्या एमसी४ कनेक्टरला खास पक्कड लागते. साध्या पकडीने दाबलेला जोड बाहेरून सारखाच दिसतो, आत ढिला असतो, तापतो आणि कधीतरी पेट घेतो. जोड झाल्यावर दोन्ही बाजूंनी हाताने जोरात ओढा. सुटला तर सगळे पुन्हा करायला लावा. काम सुरू झाल्यावर पहिल्या कडक दुपारी पॅनेलखाली जाऊन प्रत्येक जोडाजवळ हाताची पाठ न्या. एखादा बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर संच बंद करून तो बदला.

खांबावरून उघड्या तारा नेऊ नका. एरियल बंच केबल, म्हणजे वेष्टन असलेल्या तारांची एकत्र पिळलेली जुडी, वापरा, फांदी पडली तरी शॉर्ट होत नाही आणि आकडा टाकता येत नाही. जिथे गव्यांची वाट आहे तिथे केबल पाइपमध्ये घालून जमिनीखालून न्या.

अर्थिंगवर काटकसर नको. जांभ्याच्या सड्यावर माती पातळ आणि उन्हाळ्यात कोरडी, त्यात साधी सळई ठोकून भागत नाही. तीन ठिकाणी खोल खड्डे, बेंटोनाईट (ओल धरणारी माती) भरून, तिन्ही जोडलेले; मीटरने मोजून पाच ओहमच्या आत आणा. हे मोजमाप मे महिन्यात करा, जुलैत ओल्या मातीत ते कोणालाही चांगलं दाखवता येतं. तारांवरून येणाऱ्या लाटेसाठी डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना सर्ज प्रोटेक्टर. वळवाच्या विजा पठारावर कशा पडतात हे गुराख्यांना विचारा.

इन्व्हर्टरच्या हवेच्या खिडक्यांना बारीक स्टीलची जाळी लावा. आत उबेला पाल शिरते, पट्टीवर आडवी पडते आणि लाखभराचं यंत्र जातं. डोंगरात हा बिघाड वारंवार होतो आणि वॉरंटीत बसत नाही.

वर्गणी, ऑपरेटर, वही

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ मध्ये सुमारे साडेनऊ किलोवॅटचं सोलर मिनीग्रिड ३९ घरांसाठी उभं राहिलं, मीटरप्रमाणे बिल घेऊन. त्या वाडीला एकदा जाऊन या. दुसरीकडे बिहारमधल्या धरनई गावात २०१४ मध्ये १०० किलोवॅटचं मिनीग्रिड थाटात सुरू झालं. मग ग्रिडची स्वस्त वीज आली, बॅटऱ्या संपल्या, त्या बदलायची तरतूद नव्हती आणि सगळं बंद पडलं. संच मोठा असून उपयोग झाला नाही.

वर्गणी दिव्याच्या संख्येवर किंवा मनाला येईल तशी ठरवू नका. उलट दिशेने या. समजा बॅटरी तीन लाख साठ हजारांची आणि दहा वर्षं चालणारी: १२० महिन्यांनी भागले, दरमहा तीन हजार. इन्व्हर्टर आणि कंट्रोलर ९६ हजार, आठ वर्षं: दरमहा एक हजार. ऑपरेटरचं मानधन दोन हजार, किरकोळ पाचशे. एकूण साडेसहा हजार, २५ घरांना २६० रुपये. हे आकडे पद्धत कळावी म्हणून धरलेत, कोटेशन आल्यावर तुमचे घाला. रस्त्याच्या दिव्यांचा वाटा ग्रामपंचायतीकडून मागा, तो तिचाच खर्च आहे.

मग प्रश्न येतो बंद घरांचा. जावळी-पाटणच्या वाड्यांत वर्षभर कुलूप असलेली घरं पुष्कळ. ती म्हणतात, आम्ही दोनच वेळा येतो, वर्गणी कशाला? पण गणपतीत बॅटरीवर सगळ्यात जास्त ताण त्यांचाच पडतो. बंद घरालाही किमान निम्मी वर्गणी, वर्षाची एकदम, हा ठराव पहिल्याच बैठकीत करून घ्या. मुंबईतल्या मंडळाकडे ती वसूल करायचं काम सोपवा, ते तिथे चोख होतं.

पैसे महिला बचत गटाकडे ठेवा. बँकेत वेगळं खातं, दोन सह्या, दरमहा एका ठरलेल्या दिवशी वही सगळ्यांसमोर उघडायची. दोन महिने थकबाकी झाली तर एमसीबी बंद. हा नियम पहिल्यांदा सरपंचाच्या किंवा समितीतल्या कुणाच्या घरी लागू करायची वेळ आली आणि तो लागू झाला, की पुढे वसुलीला अडचण येत नाही.

ऑपरेटर दोन निवडा, त्यातली एक तरी वाडीतच राहणारी बाई. तरुण मुलगा शिकवून तयार होतो आणि माथाडीत नाहीतर कंपनीत नोकरी लागून जातो. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने शाळा न शिकलेल्या बायकांना सोलर दुरुस्तीत तयार केलं आहे. आपल्या बायकांना ते जमणार नाही असं म्हणायला काहीच आधार नाही.

निधी

पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा हे डोंगरी तालुके आहेत, त्यामुळे डोंगरी विकास कार्यक्रम, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी आणि ग्रामपंचायतीचा वित्त आयोगाचा निधी हे चार दरवाजे ठोठावा. तांत्रिक बाजूसाठी महाऊर्जाचं, म्हणजे राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेचं, कार्यालय. कातकरी वस्ती असेल तर आदिम जमातींसाठीच्या पीएम-जनमन योजनेमध्ये ऑफग्रिड सोलरची तरतूद आहे. पीएम सूर्यघर योजनेच्या मागे वेळ घालवू नका, ती ग्रिडला जोडलेल्या छतांसाठी आहे. शेतीपंपासाठी "मागेल त्याला सौर कृषी पंप" आहे, शेतकऱ्याचा वाटा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. पण तो पंप घरच्या विजेच्या हिशोबात धरू नका.

पैसा कुठूनही येवो, करारात दोन अटी घाला. पाच वर्षांची देखभाल, बिघाड कळवल्यावर किती दिवसांत माणूस येणार हे आकड्यात लिहून. आणि शेवटचे दहा टक्के पैसे पहिला पावसाळा पार पडून दिवाळी झाल्यावर द्यायचे. जुनी बॅटरी परत नेणं ही २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार उत्पादकाची जबाबदारी आहे, तेही करारात येऊ द्या. शिशाची बॅटरी ओढ्याकाठी फोडलेली मी पाहिली आहे. खालच्या वाडीचं पिण्याचं पाणी तिथूनच जातं.

उद्या खांब आले तर

येऊ द्या, आनंदच आहे. संच मोडू नका. सुरुवातीलाच हायब्रीड इन्व्हर्टर घेतला असेल तर ग्रिडची वीज बॅटरी भरायला वापरता येईल आणि लाईन गेल्यावर वाडी सोलरवर चालेल. तसं नसेल तर प्रत्येक घरात चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे एका वेळी एकच वीज घरात येईल. दोन्ही तारा एकत्र जोडायचा उद्योग कोणालाही करू देऊ नका. सोलरची वीज उलटी लाईनवर गेली, तर डीपी बंद करून खांबावर चढलेल्या वायरमनला ती लाईन बंद आहे असंच वाटत असतं. त्यामुळे वाडीत स्वतःचा संच आहे, किती केव्हीएचा आहे आणि चेंजओव्हर कुठे आहे, हे महावितरणच्या शाखा कार्यालयाला लेखी कळवा, आणि त्या पत्राची प्रत बॅटरीच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.